बरणीतली धामण आणि वरून सोडलेला उंदीर

पावसाळा लागला की दर्यापुरातल्या पोरांच्या रील्समध्ये एक ठरलेला सीन दिसतो. प्लास्टिकची बरणी, आत धामण, वरून सोडलेला जिवंत उंदीर, मागे डीजे. कुणी हटकलं तर उत्तर तयार असतं, ‘दोन दिवसांची उपाशी होती ना बावा, म्हून खाऊ घातलं.’

मला या खाऊ घालण्याशीच भांडायचं आहे.

दोन दिवस उपाशी राहून धडधाकट सापाला काहीही होत नाही. अंग गरम ठेवायला आपल्यासारखं अन्न जाळावं लागत नाही त्याला. ते काम ऊन आणि तापलेली जमीन करते. मोठं भक्ष्य गिळलेला साप आठवडाभर सहज काढतो. बरणीत कोंबलेला साप मात्र भेदरलेला असतो. तो बहुतेक वेळा खातच नाही, आणि खाल्लंच तर ओकून टाकू शकतो. उंदीरही गप्प मरत नाही. पळायला जागा नसली की तो सापालाच कुरतडतो. त्यात शेतातला उंदीर म्हणजे त्यानं झिंक फॉस्फाइड खाल्लं असण्याची शक्यता आलीच.

पुण्यात माझ्या एका सहकाऱ्याकडे बॉल पायथन आहे. परदेशी जात, 2024च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदवलेली. त्याच्या घरी सापाचं जेवण बघणं म्हणजे शुद्ध बोअर. सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा, आधीच मारून गोठवलेला उंदीर. तो रात्रभर फ्रीजमध्ये वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, कारण अजगर ऊब ओळखून झडप घालतो. लांब चिमट्यानं पुढे धरायचा. घेतला नाही तर उचलून फेकायचा. घेतला तर पुढचे दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. मोठ्या सापाला हे दोन-तीन आठवड्यांतून एकदा. यात व्हायरल होण्यासारखं काहीच नाही.

‘मग आम्हीपण असंच करतो’ म्हणाल, तर थांबा. धामण, नाग, घोणस हे आपले साप 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळताच येत नाहीत. त्यामुळे त्यांना काय खाऊ घालावं हा प्रश्न तुमच्या घरात उद्भवायलाच नको. नागाला उंदीर ‘हातानं’ देणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो ते भक्तीनं नाही. त्याला आधी तहानलेला ठेवलेला असतो. दूध त्याला पचत नाही. बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांच्या मिरवणुकीला उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली. गारुड्याला आपण अडाणी म्हणतो. त्याच्याकडे निदान पोटाचं कारण होतं. तुमच्या हातात पंधरा-वीस हजारांचा फोन आहे आणि त्याच फोनवर ही सगळी माहिती दोन मिनिटांत सापडते.

कपाशी, तूर, हरभरा पिकवणाऱ्या आपल्या तालुक्यात धामणीला उंदरांची कमतरता नाही. घरात साप निघाला तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा, माणूस येईपर्यंत लांबून नजर ठेवा, लेकरं आणि कोंबड्या आत घ्या. पकडलेला साप त्याच दिवशी, जवळच्याच धुऱ्यावर सुटला पाहिजे. उपाशी असला तरी.