रिकामे मनगट

ज्या माणसाने मनगटावरचे घड्याळ एकदा उतरवून फडताळात ठेवले, त्याला नव्या तऱ्हेचे घड्याळ पुन्हा बांधावेसे वाटेल काय? हा प्रश्न बाजारातला आहे, आणि बाजारातल्या प्रश्नाचे या पानावर काय काम, असे आमचे काही वाचक विचारतील. तथापि गेल्या काही वर्षांत तो बाजारातून उठून आपल्या घराच्या ओटीवर येऊन बसला आहे. नोकरीनिमित्त दूर गेलेला मुलगा नाताळाला घरी येतो आणि वडिलांच्या हाती एक चौकोनी डबी ठेवतो. डबीत स्मार्टवॉच असते. वडील ते कौतुकाने पाहतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवतात, आठ-पंधरा दिवस बांधतातही. मग एके दिवशी ते फडताळात जुन्या घड्याळाच्या शेजारी जाऊन पडते. असे का होते, आणि होऊ नये म्हणून काय करावे, याचा आज थोडा विचार करू.

आम्ही हे लिहीत आहोत ते ग्वाल्हेरच्या लष्करातून. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथील किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या सैन्याचा तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, आणि छावणीचे नाव शहराला चिकटले ते कायमचेच. फौजेबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथेच रुजली. आज त्या कुटुंबांतील तरुण माणसे पुण्याला, इंदूरला, बंगळूरला किंवा सातासमुद्रापलीकडे जातात, आणि जुन्या घरात पुष्कळदा दोनच वृद्ध माणसे, कधी तर एकटेच कोणी, मागे राहते. वसईच्या वाडीत राहणाऱ्या अथवा नगर जिल्ह्यातील खेड्यात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे चित्र मुळीच परके वाटणार नाही. म्हणून लष्करातल्या मनगटांविषयी जे म्हणावयाचे, ते आपणा सर्वांनाच लागू आहे.

प्रथम हे पाहू की, लोकांनी घड्याळ उतरविले तरी का. एके काळी वेळ ही गावाची असे. लग्नघरी पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवीत, आणि ते भरून बुडाले की घटका भरली असे समजत. आपल्या गावांत पहाटे, मध्यान्ही व सायंकाळी देवळाची घंटा होई, आणि शेतातला माणूस त्या घंटेवर दिवस मोजी. पुढे रेल्वे व तार आली, आणि गावोगावच्या निरनिराळ्या वेळा अडचणीच्या होऊ लागल्या. १९०६ पासून साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची. लष्करातला सूर्य त्या वेळेच्या सुमारे १७ मिनिटे मागे चालतो आणि मुंबईचा सुमारे ३९ मिनिटे. मुंबईने तर आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. सारांश, घड्याळातली वेळ ही आपल्या डोक्यावरच्या सूर्याची राहिली नाही. ती दुरून येणारी झाली, आणि ही दुरची वेळ जवळ बाळगण्याचे साधन म्हणजे मनगटी घड्याळ.

आपल्या देशात हे साधन सामान्य माणसाच्या हाती आले ते हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटीमुळे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरच्या कारखान्यात ही घड्याळे होऊ लागली. मॅट्रिक पास झालेल्या मुलास, लग्नाच्या नवरदेवास, पहिल्या पगाराच्या दिवशी स्वतःस द्यावयाची वस्तू म्हणून एचएमटीचे घड्याळ घरोघर मानाचे होते. या घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. १९६९ च्या नाताळच्या दिवशी जपानच्या सायको कंपनीने जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले, आणि किल्ली देण्याचे दिवस सरत आले. आपल्याकडे १९८७ पासून टायटनने अशी घड्याळे घरोघर पोहोचविली. त्यानंतर खिशात मोबाईल आला. तो वेळ स्वतःच बरोबर ठेवतो, गजर लावतो, वारही सांगतो. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्यास सरकारने मान्यता दिली. लोकांनी घड्याळ टाकले ते रागाने नव्हे. त्याचे एकुलते एक काम दुसऱ्याने पत्करले, एवढेच.

आता जे नवे घड्याळ आले आहे, ते वेळ दाखविण्यासाठी आलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. तसे असते तर ते कोणीच घेतले ना. २०२३ मध्ये भारतात सुमारे ५ कोटी ३४ लाख स्मार्टवॉच बाजारात आली, असे बाजाराची मोजदाद करणाऱ्या आयडीसी या संस्थेने नोंदविले आहे. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, हा आकडा सुमारे ३ कोटी ५० लाखांवर आला, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक घट. आमच्या मते या दोन आकड्यांत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. नवलाईने पुष्कळांनी हात पुढे केला. परंतु पहिले घड्याळ जुने झाल्यावर दुसरे घ्यावे, असे त्यांपैकी अनेकांना वाटले नाही. कौतुक मनगटापर्यंत आणते, पण तेथे टिकून राहावयास गरज लागते.

मग हे नवे घड्याळ कोणती गरज भागविते? तीन कामे सांगितली जातात. पहिले, मोबाईलवर आलेला निरोप मनगटावर दाखविणे. ज्याने घड्याळ उतरविले त्याला याचे आकर्षण का वाटावे, हे आम्हांस समजत नाही. खिशातली कटकट मनगटावर आणण्यात लाभ तो काय? येथे जुन्या घड्याळाचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. त्यात वेळ पाहिली की काम संपे. मोबाईल वेळ पाहण्यास काढावा, तर अर्धा तास कोठे गेला हे कळत नाही, आणि ज्यासाठी तो काढला ती वेळ पाहावयाची राहूनच जाते. ज्यांना हा अनुभव नित्य येतो, त्यांनी स्मार्टवॉच न घेता साधे काट्यांचे घड्याळ पुन्हा बांधावे. ते स्वस्त पडेल आणि अधिक उपयोगी ठरेल.

दुसरे काम म्हणजे पावले मोजणे. शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. आमच्या शेतकरी बांधवाला मात्र आपण किती चाललो, हे त्याचे पाय संध्याकाळी सांगतातच.

तिसरे काम आरोग्याचे. याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. या घड्याळाच्या पाठीस एक हिरवा दिवा लुकलुकत असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढते, आणि परत येणारा प्रकाश तितका घटतो. या चढउतारावरून यंत्र नाडी मोजते. अमेरिकेत ॲपलच्या घड्याळावर एक मोठा अभ्यास झाला व तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४ लाख १९ हजारांहून अधिक माणसे होती. नाडी अनियमित असल्याची सूचना त्यांपैकी दोनशेत सुमारे एकालाच मिळाली. ज्यांना ती मिळाली व ज्यांनी नंतर हृदयाची पट्टी लावून तपासणी पुरी केली, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या हृदयाच्या ठोक्यांतील विशिष्ट दोष त्या पट्टीवर दिसून आला. हा दोष येतो-जातो, आणि त्यातून पक्षाघाताचे भय वाढते, म्हणून वेळीच कळणे मोलाचे. काही महागड्या घड्याळांत, माणूस जोराने पडला व मिनिटभर हलला नाही, तर आपत्कालीन क्रमांकास आपोआप फोन लावण्याचीही सोय असते. त्यासाठी जवळ मोबाईल असावा लागतो, किंवा घड्याळाला स्वतःची फोनजोडणी हवी. पाठीमागच्या न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या एकट्या माणसाला ही सोय जीव वाचविणारी ठरू शकते.

परंतु यंत्रावर अंधविश्वास नको. पट्टा सैल असला, हात हलत असला, की आकडा चुकतो. स्वस्त घड्याळांत पडल्याची सूचना देण्याची सोय असतेच असे नाही, ती दुकानात विचारून घ्यावी. आणि मधुमेही वाचकांना तर आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, बोटाला सुई न टोचता रक्तातील साखर सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर मुळीच विसंबू नये. अमेरिकेच्या औषध-नियंत्रक खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये याविषयी उघड इशारा दिला आहे. अशा आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरविणे प्राणावर बेतू शकते.

वृद्ध माणसांची आणखी एक तक्रार असते ती चार्जिंगची. ॲपलची अनेक घड्याळे त्यांच्या कंपनीच्याच हिशेबाने सुमारे १८ तास चालतात, म्हणजे रोज ती विजेला लावणे आले. पुष्कळ साधी स्मार्टवॉच आठवडाभरही चालतात. कोणी म्हणेल, हा रोजचा उपद्व्याप कशाला? पण एचएमटीला किल्ली देणारी हीच पिढी आहे. त्या किल्लीचा त्यांना कधी कंटाळा आला नाही, कारण ते घड्याळ त्यांना हवे होते, आणि सकाळच्या प्रार्थनेसारखी तिची वेळ ठरलेली होती. जे हवेसे वाटते त्याची निगा माणूस आपणहून राखतो. म्हणून चार्जिंगची तक्रार ऐकू आली, की घड्याळच नकोसे झाले आहे असे बहुधा समजावे.

आणि ते नकोसे का होते, हा खरा प्रश्न आहे. मुलाने घड्याळ दिले, त्यातून वडिलांची नाडी दूर पुण्यात बसून त्याला आपल्या मोबाईलवर दिसू लागली. त्याची काळजी थोडी कमी झाली, हे चांगलेच. पण काळजी कमी झाली म्हणून फोनही कमी झाला, तर वडिलांच्या पदरी काय पडले? त्यांचे हृदय मिनिटाला किती वेळा धडधडते हे यंत्र सांगेल. आज दिवसभरात त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोलले नाही, हे त्याला सांगता येत नाही. म्हातारी माणसे हे चटकन ओळखतात. आपल्यावर माया म्हणून घड्याळ दिले की मायेच्या बदली म्हणून दिले, हे त्यांना कळते. आणि बदली म्हणून आलेली वस्तू लवकरच फडताळात जाते.

तेव्हा ज्याने घड्याळ उतरविले त्याला नवे घड्याळ आवडेल काय, यावर आमचे उत्तर असे: घड्याळ म्हणून नाही, दागिना म्हणूनही फार दिवस नाही, मात्र आजारात व एकटेपणात सोबत करणारी वस्तू म्हणून ते आवडू शकेल, परंतु देणारा माणूसही त्या सोबतीत असला तरच.

म्हणून तरुण वाचकांना थोडे सांगणे आहे. आईवडिलांना असे घड्याळ द्यावयाचे असेल, तर डबी हाती ठेवून निघून जाऊ नका. एक दुपार त्यांच्याजवळ बसा. मोबाईलचे निरोप मनगटावर वाजणार नाहीत असे करा. अक्षरे मोठी करा. आपत्कालीन ११२ हा क्रमांक, तुमचा स्वतःचा व शेजारच्या घराचा क्रमांक त्यात घालून द्या, आणि तो कसा लावावयाचा हे दोनदा त्यांच्याच हाताने करवून घ्या. संध्याकाळी जपमाळेला बसताना घड्याळ चार्जिंगला लावावे व प्रार्थना आटोपली की पुन्हा बांधावे, अशी वेळ ठरवून द्या. आणि प्रार्थनेनंतरच्या त्याच वेळी, शक्य तितक्या नेमाने, फोन करीत जा. एवढे केल्यावरही त्यांनी ते घड्याळ काढून ठेवले तर रुष्ट होऊ नका. फोन मात्र चालू ठेवा.