बॅटरीचे हत्यार कारागिराच्याच मालकीचे हवे

ठाकुर्ली, चोळेगाव, खंबाळपाडा आणि नव्वद फुटी रस्त्याच्या परिसरात गेल्या काही वर्षांत इमारतींची जी रांग उभी राहिली, तिने आम्हा कापडवाल्यांच्या धंद्याचे रूपच बदलले आहे. पूर्वी गिऱ्हाईक पडद्याचे कापड मीटरने मोजून नेई, शिंप्याकडून शिवून घेई आणि दोन खिळे ठोकून तारेवर अडकवी. आता त्याला कापड, शिलाई, रॉड आणि बसवून देणे, सारे एकाच दुकानातून हवे असते. म्हणजे कापड विकणाऱ्याच्या पाठीशी भिंतीला भोक पाडणारा कारागीर उभा असावा लागतो. सुतार, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा, एसी मेकॅनिक, ग्रिल-फॅब्रिकेशनवाला यांचीही गत तीच. या कामांत आपल्या समाजाचे हजारो हात गुंतलेले आहेत आणि त्या हातांत आता बिनवायरचे, बॅटरीवर चालणारे मशीन आले आहे. ते घ्यावे की नाही, हा वाद आता संपला. कोणते घ्यावे आणि ते कोणाच्या मालकीचे असावे, या दोन प्रश्नांवर वाचक बंधूंशी बोलावे असे आम्हास वाटते.

गरज उघड आहे. नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो तेव्हा पुष्कळदा मीटर चालू झालेले नसते. कारागीर शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे विजेची भीक मागतो, तीन बोर्ड एकमेकांना जोडून जिन्यातून वायर ओढतो. पावसाळ्यात गच्चीवर किंवा गॅलरीत हीच जोडलेली वायर पाण्यात पडलेली असते आणि माणूस लोखंडी शिडीवर उभा असतो. घराघरातला कमावता मुलगा अशा एका उघड्या जोडामुळे जाऊ शकतो. बाहेरच्या आणि उंचावरच्या कामाला बॅटरीचे मशीन म्हणूनच चैन नव्हे, जिवाची हिफाजत आहे.

हे मशीन काही कालचे नाही. अमेरिकेत १९६१ साली बॅटरीचे पहिले ड्रिल बाजारात आले. त्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या जड असत आणि लवकर दमत. सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २००५ च्या सुमारास ती मोठ्या हत्यारांत बसू लागली. तेव्हापासून हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाचे झाले. मात्र जुन्या मिस्त्रींचा एक सल्ला आता चुकीचा ठरतो. बॅटरी पार मरू द्यावी आणि मगच चार्ज करावी, हा नियम निकेल-कॅडमियमचा होता. लिथियमची बॅटरी पार रिकामी करून कपाटात टाकली तर ती कायमची मरते. ती अर्धी भरून, थंड जागी ठेवावी. कामावरून गरम आलेली असेल तर थंड झाल्यावरच चार्जरला लावावी.

आता बाजाराकडे पाहू. रस्त्यावरच्या स्टॉलपासून मोबाईलवरच्या जाहिरातीपर्यंत ४८, ८८ किंवा त्याहून मोठा आकडा छापलेली ड्रिल आणि ग्राईंडर स्वस्तात मिळतात. कारागीर समजतो की हे व्होल्ट आहेत. हिशेब साधा आहे. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. म्हणून १८, २० आणि २१ हे तीन आकडे बहुधा एकाच वस्तूची तीन नावे असतात. खरे ८८ व्होल्ट हवे असतील तर निदान एकवीस सेल लागतील आणि नेहमीच्या आकाराच्या तेवढ्या सेलचेच वजन जवळजवळ एक किलो भरेल. मुठीत मावणाऱ्या बॅटरीत ते कुठून येणार? आम्ही कापडवाले धाग्याचा नंबर पाहतो, नुसत्या लेबलावर विसंबत नाही. हत्यारवाल्यानेही बॅटरी हातात तोलून पाहावी, अँपिअर-अवर विचारावेत आणि पक्की पावती घ्यावी. नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या जुन्या बाजारात जाऊन चार दुकाने फिरली तर एक दिवस जातो, पण पुढच्या दोन वर्षांचा पैसा वाचतो.

दुसरा हिशेब ताकदीचा. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीत १८ गुणिले ४, म्हणजे ७२ वॉट-अवर एवढी वीज मावते. ८५० वॉटचा ग्राईंडर पूर्ण जोराने चालवला तर एवढी वीज पाच मिनिटांत संपते. पेच आवळणे आणि भोके पाडणे ही थांबून थांबून होणारी कामे आहेत, तिथे हीच बॅटरी तासन्‌तास पुरते. तेव्हा कारखान्यात, जिथे दिवसभर लोखंड कापायचे किंवा लाकूड रंधायचे आहे, तिथे वायरचेच मशीन ठेवावे. साईटवर बॅटरी, कारखान्यात वायर, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसा वाचेल.

भिंतही ओळखली पाहिजे. विटांच्या किंवा सिपोरेक्सच्या भिंतीत साधे ड्रिल चालते. पण पुष्कळ नव्या टॉवरांत मायवन शटरिंग लावून भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तिथे साधे ड्रिल नुसते फिरते, बीट जळते आणि बॅटरी उतरते. त्या भिंतीला आतल्या दट्ट्याने ठोका देणारे एसडीएस हॅमर मशीनच लागते. ठाकुर्लीत पडदे बसवणाऱ्याने पहिले मशीन घ्यायचे तर हेच घ्यावे.

आगीचा मुद्दा आम्ही कापडवाल्यांनी विसरू नये. फुटलेली, पाण्यात पडलेली किंवा फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. दुकान बंद करून रात्रभर कापडाच्या गठ्ठ्यांजवळ किंवा फोमजवळ चार्जर लावून ठेवणे म्हणजे आपल्या हाताने गोदाम धोक्यात घालणे आहे. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या बंधूंनीही ध्यानात ठेवावे की सुट्या बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी सामान्यतः चालते, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. अमेरिका किंवा जपानहून आणलेला चार्जर तिथल्या कमी व्होल्टेजचा असेल तर आपल्या २३० व्होल्टवर जळतो.

आता मूळ प्रश्न, मालकीचा. चांगले हॅमर मशीन, दोन बॅटऱ्या आणि चार्जर हा रोजंदारीच्या माणसाला एकदम पेलणारा खर्च नाही. म्हणून काही ठेकेदार आणि दुकानदार मशीन स्वतः घेतात आणि कारागिराला देतात. वरवर ही मेहरबानी दिसते. पण मग मजुरी तो ठरवतो, दुसऱ्याचे काम करू देत नाही आणि मशीन बिघडले तर दुरुस्ती मजुरीतून कापतो. उचल घेतलेला माणूस वर्षानुवर्षे तिथेच अडकतो.

हा रस्ता कुठे जातो ते पाहायला लांब जायला नको, भिवंडी शेजारीच आहे. हातमाग होता तेव्हा घरातला माग बहुधा विणणाऱ्याचाच असे. १९३० च्या दशकापासून तिथे पॉवरलूम येत गेले. माग, शेड आणि वीजजोडणी एकाची झाली, मेहनत दुसऱ्याची राहिली. हुनर तेच होते, पण विणणारा मीटरवर मजुरी घेणारा कामगार बनला. पुढे कित्येक मागमालकही व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देऊ लागले. यंत्र मोठे होते, ते एका गरीब माणसाच्या ऐपतीबाहेरचे होते, हे कारण समजण्यासारखे आहे. बॅटरीचे मशीन तसे नाही. ते पिशवीत मावते, त्याला शेड लागत नाही, वीजजोडणी लागत नाही. एवढे असूनही ते कारागिराच्या मालकीचे होणार नसेल, तर दोष यंत्राचा नाही, आमच्या नियतीचा आहे.

उपाय आहेत. ओळखीच्या तीन-चार कारागिरांनी मिळून एकाच कंपनीच्या बॅटरीची मशीने घ्यावीत. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही, आणि खरी किंमत बॅटरीचीच असते. बॅटरी एक ठेवली की ड्रिल एकाचे, हॅमर दुसऱ्याचे, कटर तिसऱ्याचे असे वाटून वापरता येते. हिशेब मात्र लिहून ठेवावा. व्यापाऱ्याने पैसे द्यायचे तर कर्ज-ए-हसना म्हणून द्यावेत, हप्ता कागदावर ठरवावा, पावती कारागिराच्या नावाने करावी आणि दुसरीकडे काम करण्याची मुभा ठेवावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी यांसह १८ व्यवसायांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. तिच्यातले ५ टक्के व्याजाचे कर्ज हा वेगळा भाग आहे. ज्याला व्याज नको त्याने तो सोडून द्यावा. पडदे बसवणारा आणि एसी मेकॅनिक त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी मागणी करणे हे आमच्या व्यापारी संघटनांचे काम आहे.

आमचे दुकान कारागिराच्या हातावर चालते. त्याला हत्यार देऊन बांधून ठेवण्यापेक्षा त्याचे काम पसंत करून, मजुरी त्याच दिवशी देऊन त्याला जवळ ठेवावे. हत्यार त्याचे असेल तर तो ते जपेल, कामही जपून करील, आणि त्यात आमच्या धंद्याचीही बरकत आहे.