सांभाळणाऱ्यांच्या हाती पुस्तक द्या

आईबापांवाचून वाढणाऱ्या मुलांचा विषय निघाला की आपली नजर अनाथाश्रमाकडे वळते. वस्तुतः अशी मुले बहुधा आश्रमात नसतात. ती आजोळी असतात, काकांच्या घरी असतात. हिंगोली जिल्ह्यासारख्या कोरडवाहू भागात तर हे सहज दिसते. कोणाचे आईबाप २०२०-२१ च्या कोविड साथीत गेले, कोणाच्या बापाने कर्जापायी जीव दिला, कोणाचे आईबाप ऊसतोडीला जाताना मूल आजीच्या स्वाधीन करून जातात. या मुलांना घर मिळते, ही आपल्या समाजाची पुण्याईच म्हणावी लागेल. परंतु एवढ्याने समाजाचे कर्तव्य संपते काय?

परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले गेलेले नरसी याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या घरी वाढलेली जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची. लहानपणीच ती दामाशेटींच्या घरी आली आणि त्या घरची झाली, असे परंपरा सांगते. मात्र दळणकांडण तिच्याच वाट्याला आले आणि ती स्वतःला दासीच म्हणवीत राहिली, हेही विसरता येत नाही. मूल घरात घेणे आणि त्याला घरचे करणे यांतले अंतर आजही मिटलेले नाही. भाचीची शाळा सोडवून तिला घरकामाला जुंपणारे घर आणि तिच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारे घर, ही दोन्ही एकाच गल्लीत असू शकतात.

हे अंतर केवळ सद्भावनेने मिटत नाही. त्यासाठी माहिती लागते. ‘माझी आई कोठे आहे?’ या प्रश्नाला कोणते उत्तर द्यावे, दत्तक मुलाला त्याच्या जन्माविषयी केव्हा व कसे सांगावे, मूल एकाएकी अबोल वा हट्टी झाले तर काय समजावे, हे कोणी जन्मतः शिकून येत नाही. ब्रिटिश मनोवैद्य जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बालकाला अखंड, जिव्हाळ्याच्या सहवासाची किती गरज असते, हे दाखवून दिले. सत्तरांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे ज्ञान कळमनुरी वा सेनगावच्या आजीपर्यंत सोप्या मराठीत पोहोचविणे हे कोणाचे काम?

कायद्याचीही हीच गत. मामाने मूल सांभाळले म्हणून ते कायद्याने दत्तक ठरत नाही. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता आहे. २०१५ चा बालन्याय कायदा सर्वधर्मीयांना खुला आहे. त्या कायद्याखालील दत्तकाचा आदेश सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्यांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे आणि २०२३ मध्ये तिची रक्कम प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. पण बालकल्याण समिती म्हणजे काय, अर्ज कोठे द्यावा, कोणते दाखले जोडावेत, हे ठाऊक नसलेल्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने ही योजना नसल्यासारखीच होय.

उपाय खर्चाचा नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावची वाचनालये शासनाच्या अनुदानावर चालतात. त्यांपैकी प्रत्येकाने या पालकांसाठी एक कप्पा राखावा. त्यात बालमानसशास्त्राची सुबोध पुस्तके असावीत, दत्तक व संगोपनाच्या नियमांची मराठी पुस्तिका असावी, अर्जाचे नमुने असावेत, १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक ठळक लिहिलेला असावा. आजीच्या वा मामाच्या घरी सुखाने वाढणाऱ्या मुलांच्या गोष्टीही असाव्यात. आपल्यासारखे घर पुस्तकात भेटले म्हणजे मुलाचा संकोच ओसरतो.

निरक्षर आजीला पुस्तकाचा काय उपयोग, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपल्याचजवळ आहे. गावात वाचणारा शिक्षक आहे, ग्रामपंचायतीत वा तहसिलीत कारकून आहे, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी आहे. शिक्षकाने पालकसभेत पुस्तिकेची चार पाने वाचून दाखवावीत, ‘माझे आईवडील’ हा निबंध देताना वर्गातील पोरक्या मुलाची आठवण ठेवावी. कारकुनाने अपुरा अर्ज परत न करता पुरा करून घ्यावा. विद्यार्थ्याने शेजारच्या आजीचा अर्ज भरून द्यावा.

परक्याच्या लेकराला घास भरविणारे हात या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांचे गोडवे पुरेसे गाऊन झाले. आता त्यांना माहितीचा आधार मिळाला पाहिजे.