कासची फुले वहीत नकोत!

शरद ऋतू लागला की साताऱ्याजवळचे कास पठार पाहून पुढे कास तलावापर्यंत चालत जाण्याची सहल निघते. सायंकाळी परतताना काहींच्या वहीत दाबलेली फुले असतात. वनस्पतिसंग्रहासाठी ती हवीतच, असे काही शिक्षकांनाही वाटते. ही प्रथा निदान कासपुरती तरी बंद व्हावी, असे आमचे मत आहे.

सुमारे १२०० मीटर उंचीवरील हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा कातळ. त्यावरील मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात चिंब आणि पुढे कोरडाठाक. म्हणून येथील पुष्कळ वनस्पती वर्षायू आहेत. रुजणे, फुलणे, बी धरणे हे सारे त्यांना तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. बी धरण्याआधी फूल खुडले, तर पुढील वर्षीचे रोपच खुडल्यासारखे होते. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कासचाही समावेश आहे.

‘नमुना हाती घेतल्याशिवाय वनस्पतिशास्त्र कळायचे कसे?’ असे कोणी विचारील. शाळेच्या बागेतील तेरड्याबाबत हा प्रश्न रास्त आहे. पण ‘सीतेची आसवे’ ही वनस्पती घ्या. येथील मातीत नायट्रोजन फार कमी. ती उणीव ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. त्यासाठी तिला जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या पिशव्या असतात, आणि त्या असतात ओल्या मातीत! फूल खुडले की पिशव्या खालीच राहतात. म्हणजे जे शिकण्यासारखे, नेमके तेच संग्रहात येत नाही.

मग करावे काय? आखलेली वाट सोडू नये. वाटेच्या कडेला बसून एकाच फुलाचे चित्र काढावे. त्यावर कोणते कीटक येतात, किती वेळ थांबतात, याची नोंद करावी. तलावाशी पोहोचल्यावर आणखी एक प्रश्न सोडवावा: येथील पाणी पंपाशिवाय साताऱ्याला कसे जाते? तलाव व शहर यांच्या उंचीतील फरक नकाशावर पाहिला, की उत्तर आपोआप मिळेल.

शिक्षकांनी सहलीचे गुण संग्रहाला न देता अशा नोंदींना द्यावेत. फुलांची वही दोन वर्षांत किडेल; निरीक्षणाची सवय मात्र जन्मभर पुरेल.