माल आमचा, पण त्यावर शब्द कोणाचा?

आमच्या सोलापुरात माल विणणारे हात हजारो आहेत आणि माल विकणारी दुकाने शेकडो आहेत. पण या मालाविषयी चार ओळी नीट लिहील असा माणूस शोधायला निघालो तर एका हाताची बोटेही पुरी मोजून होत नाहीत. ही उणीव आम्हाला सुताच्या वाढत्या भावापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही. म्हणून आज या पानावर भाव, कर आणि उधारी बाजूला ठेवून एका वेगळ्याच पेशाविषयी लिहीत आहोत. त्या पेशाला क्युरेटर म्हणतात.

हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे आणि त्याच्या मुळाशी काळजी घेणे हा अर्थ आहे. पूर्वी संग्रहालयातल्या वस्तू सांभाळणाऱ्याला क्युरेटर म्हणत. आज त्याचे काम वाढले आहे. शंभर चित्रांतून वीस निवडायची, कोणते कोणाशेजारी लावायचे ते ठरवायचे आणि ही वीसच का, याचा खुलासा पुस्तकरूपाने लिहून ठेवायचा. तो स्वतः चित्र काढत नाही आणि गाळा उघडून विकतही नाही. आपल्या बाजाराच्या भाषेत तो कारागीरही नाही आणि आडत्याही नाही. तो पारखी आहे, आणि आपली पारख तो कागदावर उतरवतो.

या पेशातले महाराष्ट्रातले ठळक नाव म्हणजे मुंबईचे रणजित होस्कोटे. जन्म १९६९ चा. एल्फिन्स्टन कॉलेजात राज्यशास्त्र आणि पुढे मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्य व सौंदर्यशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. १९८८ मध्ये, म्हणजे ज्या वयात आपली मुले दुकानात नुकती बसू लागतात त्या वयात, ते टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहू लागले आणि १९९९ पर्यंत लिहीत राहिले. नंतर २००० ते २००७ ते हिंदू या वृत्तपत्रात होते. ते कवीही आहेत. पहिला कवितासंग्रह १९९१ चा. जहांगीर सबावाला या पारशी चित्रकाराचे चरित्र त्यांनी १९९८ मध्ये लिहिले आणि पुढे त्यांच्या सगळ्या कामाचे मोठे प्रदर्शनही मांडले. तय्यब मेहता यांच्या चित्रांवरही त्यांनी लिहिले आहे.

वाचकांनी इथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी वर्षानुवर्षे पाहणे, मग लिहिणे, मग लहान प्रदर्शने आणि त्यानंतर मोठी. २००८ मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरातल्या सातव्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी ओक्वुई एन्वेझोर यांच्यासोबत काम करणाऱ्या क्युरेटरांत होस्कोटे होते. २०११ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या प्रदर्शनात ललित कला अकादमीने भारताचे राष्ट्रीय दालन उभारले, त्याचे क्युरेटर तेच होते. व्हेनिसचे हे प्रदर्शन १८९५ पासून भरते. क्युरेटर नेमून रीतसर मांडलेले भारताचे पहिले दालन मात्र तिथे २०११ साली लागले, आणि दुसरे लागायला २०१९ उजाडले. देश एवढा मोठा, हुनर एवढा जुना, पण तो जगापुढे मांडायला आपल्याला इतका उशीर झाला.

त्या पहिल्या दालनात त्यांनी कोणाला नेले, हेही पाहण्यासारखे आहे. झरीना हाश्मी, प्रणीत सोई, गिगी स्कारिया आणि गुवाहाटीची डिझायर मशीन कलेक्टिव्ह ही जोडी. यांतल्या झरीना १९३७ साली अलीगढला जन्मल्या, तिथल्याच विद्यापीठात गणित शिकल्या, पुढे लाकडी ठशांच्या छपाईत त्यांनी नाव कमावले आणि २०२० मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. १९९९ च्या त्यांच्या एका प्रसिद्ध कामात ३६ ठसे आहेत आणि प्रत्येक ठशावर एक उर्दू शब्द आहे. घर, दार, अंगण अशा अर्थाचे साधे शब्द. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. उर्दू शिकून पोट कसे भरणार, हा टोमणा आमच्या पिढीने पुष्कळ ऐकला. त्याच उर्दूचे शब्द कोरणाऱ्या बाईला भारताच्या वतीने व्हेनिसला नेले गेले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. प्रणीत सोई यांनी श्रीनगरच्या कागदाच्या लगद्यावर काम करणाऱ्या कारागिरांसोबत बसून काम केले आहे. म्हणजे कारागिराचा हात आणि मोठे दालन यांच्यात अंतर असले तरी ते कापता येते.

आता व्यापाऱ्याचा सवाल. या लिहिण्यातून मिळते काय? आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. मकबूल फिदा हुसेन १९१५ मध्ये पंढरपूरला जन्मले. त्यांचे १९५४ चे 'ग्रामयात्रा' हे चित्र नॉर्वेच्या एका डॉक्टरने विकत घेतले आणि पुढे ते ऑस्लोच्या इस्पितळाकडे गेले. कित्येक दशके ते बाजाराच्या नजरेआड होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये आले. हुसेन तर २०११ मध्येच लंडनला वारले होते, त्यांना त्यातले काही मिळाले नाही, हे खरे. पण चित्र कोणी काढले, कोणत्या साली काढले, कोणी घेतले, कोठे टांगले, हे सगळे नोंदलेले होते. कापड असो की चित्र, ज्या वस्तूला मागचा पुढचा पत्ता आहे तिची किंमत वेगळी आणि बेवारस वस्तूची किंमत वेगळी.

यावर कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा शौक आहे; आमची चादर अंगावर घ्यायची वस्तू, तिला क्युरेटर कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. कागदावर नाव लिहिल्याने संध्याकाळची मजुरी सुटत नाही. पण कापडाच्या बाबतीत हे काम आपल्या देशात झालेले आहे. १९८० च्या दशकात भारत महोत्सवांच्या निमित्ताने मार्तंड सिंग यांनी 'विश्वकर्मा' या नावाने विणकर आणि छपाईवाल्यांच्या कामाची प्रदर्शने मांडली. तिथे कापडाकडे वार आणि वजन यांच्या पलीकडे जाऊन पाहिले गेले. त्या कापडाची दखल परदेशापर्यंत घेतली गेली आणि आजही अभ्यासक त्याचा हवाला देतात.

आपल्याकडे काय आहे? सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरीही बाहेरचा माल सोलापुरी नावाने सर्रास विकला जातो. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने आम्हालाच विचारले होते, तुमची चादर आणि ही चादर यांत फरक काय तो लिहून द्या, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता येईल. देण्यासारखा छापील कागद आपल्या बाजारात कोणाकडेच नव्हता. निर्देशांकाचा दाखला कपाटात राहतो; गिऱ्हाइकाला फरक समजावतो तो शब्द.

आणि वेळ फार नाही. हाताने ग्राफवर नक्षी उतरवणारे आणि जेकार्डचे पुठ्ठे भोके पाडून तयार करणारे कारागीर आता म्हातारे होत चालले आहेत. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यावर जुन्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे रद्दीच्या भावाने जातात. एकेका गठ्ठ्याबरोबर एकेक नक्षी जाते. ती कोणी काढली हे तर आधीच कोणाला ठाऊक नाही. भिंतीवर लावायची चित्रे जेकार्डवर विणणारे शहर म्हणून सोलापूरची ओळख आहे, पण त्या चित्रांवर चित्र काढणाऱ्याचे नाव सापडत नाही. पद्मशाली असो, मोमीन असो, कोष्टी असो, सगळ्यांची गत सारखीच आहे.

या पेशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क्युरेटरचे भांडवल म्हणजे त्याची साख. २०२३ मध्ये होस्कोटे जर्मनीतल्या कासेल शहराच्या डॉक्युमेंटा या जगप्रसिद्ध प्रदर्शनाच्या निवड समितीवर होते. २०१९ मध्ये मुंबईतल्या इस्रायली वकिलातीच्या एका कार्यक्रमाविरुद्धच्या पत्रकावर त्यांची सही होती, त्यावरून तिथे गदारोळ झाला. आपण सांस्कृतिक बहिष्काराच्या बाजूचे नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. पण समोर ठेवलेली व्याख्या मान्य करण्यास नकार देऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी पद सोडले. काही दिवसांत समितीच्या उरलेल्या सदस्यांनीही राजीनामे दिले. पत्रकाविषयी ज्याचे त्याचे मत असेल. व्यापाऱ्याने यातून इतके घ्यावे की सहीची जबाबदारी सही करणाऱ्यालाच पेलावी लागते, आणि पद गेले तरी तीस-पस्तीस वर्षांचे लिहिलेले कोणी काढून नेत नाही. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्यांनी केलेला मीर तकी मीर यांच्या शेरांचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने आला.

तेव्हा आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक कारखानदाराने नमुना वही ठेवावी. तिच्यात कापडाचा तुकडा चिकटवावा आणि खाली साल, सुताचा नंबर, मागाचा प्रकार व नक्षी काढणाऱ्याचे नाव लिहावे. जुने ग्राफ आणि पुठ्ठे विकण्याआधी त्यांचे फोटो काढावेत. व्यापारी संघटनांनी वर्षातून एकदा विक्रीचा स्टॉल न लावता निव्वळ जुने नमुने मांडावेत आणि त्याची छोटी पुस्तिका मराठी, उर्दू, तेलुगू व इंग्रजीत छापावी. चार घरांनी मिळून एखाद्या हुशार मुलाला किंवा मुलीला कलेचा इतिहास शिकायला बडोद्याला पाठवावे. तिथल्या विद्यापीठात हा विषय शिकवतात. इंग्रजीची भीती घालू नये. भाषा शिकता येते. लहानपणापासून मागाचा खडखडाट ऐकून तयार झालेली नजर मात्र बाहेरच्या कोणाला सहजी मिळत नाही.

खर्च किती? एका वहीला लागेल तेवढा, आणि रोजची दहा मिनिटे. हे काम आपण केले नाही तर उद्या दुसरा कोणी येऊन आपल्या नक्षीवर आपले नाव लिहील, आणि तेव्हा दाखवायला आपल्या हातात कागद नसेल. कारखानदार आणि व्यापारी बांधवांनी याचा विचार करावा आणि येत्या महिन्यात निदान पहिले पान तरी लिहावे.