आकसाचा आरोप आणि खटल्याचा उंबरठा

१९६९ साली बोल्टन या इंग्लंडमधील गिरणीनगराच्या नगरपालिकेत मजूर पक्षाचे सभासद लो यांनी हुजूर पक्षाचे हॉरॉक्स यांच्यावर जमीनव्यवहारात समितीची दिशाभूल केल्याचा आरोप केला. हॉरॉक्स यांचे जमीन-बांधकामाच्या कंपनीत हितसंबंध होते. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला.

इंग्रजी कायद्यानुसार सभागृहातील अशा भाषणाला मर्यादित संरक्षण असते. बोलणाऱ्याचा आकस वादीने सिद्ध केला तरच ते संपते. लो यांचा आपल्या म्हणण्यावर प्रामाणिक विश्वास होता, हे खालच्या न्यायाधीशांनीही मानले. पण पूर्वग्रहाने आंधळे झालेले मन म्हणजेच आकस, असे ठरवून त्यांनी निकाल विरुद्ध दिला. अपील न्यायालयाने तो फिरवला आणि १९७४ साली लॉर्डसभेत लॉर्ड डिप्लॉक यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. माणूस हटवादी असेल, अविचारी असेल. परंतु आपण बोलतो ते खरे आहे असे त्याला मनापासून वाटत असेल, तर निव्वळ पूर्वग्रहापायी त्याचे संरक्षण जात नाही. राजकारणात पूर्वग्रहमुक्त माणसालाच तोंड उघडू द्यायचे म्हटले तर सभागृहे ओस पडतील!

तत्त्व जिंकले, पण एका भाषणासाठी पाच वर्षे लागली. आकस सिद्ध करण्याचा भार वादीवर खरा, पण तो आरोप नुसता कागदावर मांडला तरी खटल्याचा खर्च प्रतिवादीच्या डोक्यावर बसतो. मॅकडोनाल्ड्सविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या दोघा कार्यकर्त्यांना सरकारी कायदेसाहाय्य न मिळता ३१३ दिवस कोर्टात उभे राहावे लागले. हा अन्याय असल्याचे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ साली सांगितले, तेव्हा मूळ निकालाला जवळजवळ आठ वर्षे झाली होती.

म्हणून पुराव्याचा मागमूस नसलेला आकसाचा आरोप पूर्ण सुनावणीआधीच, संक्षिप्त निकालाने, फेकून देणे योग्यच आहे. मात्र ही वाट दुधारी आहे. १९९६ च्या कायद्याने न्यायाधीशाला ज्यूरीविना दावा फेटाळण्याचा जसा अधिकार दिला, तसाच बचाव निराधार ठरवून वादीला दहा हजार पौंडांपर्यंत भरपाई देण्याचाही दिला. धनिक वादीच्या वकिलाने हुशारीने रचलेल्या प्रतिज्ञापत्रांवरून एखाद्या कामगार कार्यकर्त्याच्या मनात काय होते हे ठरवणे धोक्याचे आहे. प्रामाणिकपणाविषयी खरोखर वाद असेल, तर साक्ष आणि उलटतपासणी झालीच पाहिजे. पोकळ आरोप झटपट निकाली निघावा. प्रतिवादीचा बचाव मात्र तशा घाईने बुडवू नये. हा पक्षपात वाटेल, पण दोन्ही बाजूंच्या थैल्या सारख्या नसतात.

२०२३ च्या कायद्याने तोंड दाबण्यासाठी लावलेले दावे आरंभीच फेटाळण्याची तरतूद केली, पण ती आर्थिक गुन्ह्यांसंबंधीच्या वक्तव्यांपुरती. कारखान्यातील धोक्याविषयी किंवा घरभाड्याविषयी पत्रक काढणारा तिच्या बाहेरच राहिला.