रुग्णाचे नाव आणि सरकारी तपास

कुंभकोणमच्या परिसरात, कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतीच्या मुलखात, तिरुनीलक्कुडी नावाचे एक गाव आहे. तेथील नीलकंठेश्वराच्या पिंडीवर कितीही तेल ओतले तरी ते तीत मुरून जाते, अशी त्या देवस्थानाची ख्याती आहे. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका वाटू नये. भोसल्यांचे तंजावर येथून फार दूर नाही. आणि त्याच तंजावरात सरफोजीराजांच्या पदरी नेत्ररुग्णांच्या तपासणीच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ठेवल्या जात होत्या. रुग्णाची नोंद ठेवणे हे शास्त्राचे काम आहे, याची जाणीव त्या दरबाराला इतक्या लवकर झाली होती. ती नोंद कोणी वाचावी, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणाला पडला नव्हता. तो आज पडला आहे.

अशी कल्पना करा की, या गावातील सतरा वर्षांच्या एका मुलीला दिवस गेले आहेत. ही कल्पना फारशी ओढून आणलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत १५ ते १९ या वयाच्या मुलींपैकी तामिळनाडूत शेकडा सहाहून अधिक, व महाराष्ट्रात शेकडा सातहून अधिक मुली माता झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. त्यांतील पुष्कळशा विवाहित असतात. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निर्णयानंतर अठरा वर्षांखालील पत्नीशी पतीने केलेला समागमही कायद्याच्या दृष्टीने बलात्कारच ठरतो. तेव्हा विवाह झालेला असो वा नसो, ही मुलगी आईबरोबर कुंभकोणमच्या रुग्णालयात येते त्या क्षणी तिच्यासमोर बसलेल्या डॉक्टरवर दोन कायद्यांची बंधने येऊन पडतात.

पहिला कायदा १९७१ चा, वैद्यकीय गर्भसमापनाचा. त्याचा पाया ज्या समितीने घातला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे मंत्री होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. या कायद्याखालील नियम गोपनीयतेच्या बाबतीत विलक्षण काटेकोर आहेत. रुग्णाचे नाव एकाच नोंदवहीत लिहावयाचे. ती नोंदवही गुप्त दस्तऐवज समजावयाची. शस्त्रक्रियागृहाच्या वहीत, केसपेपरवर किंवा पुढील तपासणीच्या कार्डावर नाव न घालता केवळ अनुक्रमांक घालावयाचा. संमतिपत्र पाकिटात घालून ते मोहोरबंद करावयाचे. २०२१ च्या दुरुस्तीने यात आणखी एका कलमाची भर पडली. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज अन्य कोणालाही डॉक्टरने रुग्णाचे नाव सांगितल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा कायदा २०१२ चा, बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा. तो 'पोक्सो' या नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याने संमतीचे वय सोळावरून अठरावर नेले. कलम १९ अन्वये अशा अपराधाची माहिती ज्याला ज्याला होईल त्याने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सतरा वर्षांच्या मुलीचे गर्भारपण हीच मुळी अपराधाची माहिती होय. म्हणजे नाव सांगावे तर पहिला कायदा डोळे वटारतो, आणि न सांगावे तर दुसरा. पहिल्या कायद्यातील 'अधिकार दिलेली व्यक्ती' या शब्दांत पोलीस बसतात की नाही, ह्याविषयी डॉक्टरांच्या मनात संभ्रम राहिला, यात नवल ते काय?

येथे थोडे विषयांतर करतो, कारण शब्दांशी झुंजणे हाच माझा व्यवसाय आहे. या विषयावरील मजकूर मराठीत आणताना पहिली अडचण 'गुप्त' या शब्दाची येते. आपल्या भाषेत गुप्तदान पुण्याचे असते, परंतु गुप्तरोग लाजेचा असतो आणि गुप्त पोलीस धाकाचे असतात. 'गुप्तता' म्हटले की काहीतरी लपविण्याजोगे घडले आहे, असा ध्वनी त्या शब्दाबरोबर येतोच. 'गोपनीयता' हा शब्द सरकारी शपथेमुळे कोरडा झालेला असला तरी निदान कलंकित नाही. म्हणून मी तोच पसंत करतो. जे गोपनीय आहे ते पापमय असलेच पाहिजे असे नाही. पगाराचा आकडाही आपण चारचौघांत सांगत नाही.

आता सरकारची बाजू पाहू. ती मुळीच दुबळी नाही, आणि ती दुबळी करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे जानेवारी २०२२ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलीच्या बेकायदेशीर गर्भपाताचा तपास सुरू झाला, आणि त्या तपासात खाजगी रुग्णालयाच्या आवारातील गोबरगॅसच्या खड्ड्यातून अर्भकांच्या ११ कवट्या व पन्नासहून अधिक हाडे पोलिसांनी बाहेर काढली. ज्या मुलीपासून हे सर्व उघडकीस आले ती तेरा वर्षांची होती. तिचे प्रकरण 'खाजगी बाब' म्हणून मिटले असते तर? चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण घडले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना ती कळविली नाही, असा त्याच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरील खटला रद्द केला. परंतु २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला, आणि अपराध ठाऊक असून न कळविणे हा स्वतंत्र व गंभीर अपराध आहे, असे बजावले. आदिवासी मुलींच्या वसतिगृहात डॉक्टर गप्प बसला तर बोलणार कोण?

याच्या अवघे पाच आठवडे आधी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने दिल्लीच्या एका खटल्यात आजच्या आपल्या प्रश्नाला उत्तर दिले होते. परस्परसंमतीच्या संबंधातून गर्भवती झालेली मुलगी पोलिसांच्या भीतीने नोंदणीकृत डॉक्टरकडे जाण्याचे टाळील व भोंदू माणसाकडे वळेल, हा धोका न्यायालयाने ओळखला. म्हणून त्याने दोन्ही कायदे एकत्र वाचले. डॉक्टरने पोलिसांना माहिती द्यावी. परंतु मुलीने व तिच्या पालकाने तशी विनंती केल्यास त्या माहितीत मुलीचे नाव वा ओळख पटविणारा अन्य तपशील देण्याचे कारण नाही. पुढे फौजदारी खटल्यातही डॉक्टरला ते सांगण्याची सक्ती नाही. या दोन निर्णयांत पुष्कळांना विरोध दिसतो. मला तो दिसत नाही. एका निर्णयात घटना लपविणाऱ्याला दोष दिला आहे, दुसऱ्यात व्यक्तीला आडोसा दिला आहे. घटना आणि व्यक्ती या दोन भिन्न वस्तू आहेत.

निर्णय झाला, पण तो ठाण्यापर्यंत पोहोचला का? २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या खास खंडपीठाला तामिळनाडूतील यंत्रणेसाठी या मुद्द्याची पुनरुक्ती करावी लागली. २०२५ साली मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना, एका अल्पवयीन मुलीचे नाव न सांगता तिचा गर्भपात करण्याची मुभा मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. कारण पोलीस नाव व पत्त्याचा आग्रह धरीत होते. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती नीला गोखले यांनी याविषयी नाराजी व्यक्त केली, आणि हे निर्णय राज्यातील सर्व पोलीस ठाण्यांपर्यंत पोहोचविण्यास पोलीस महासंचालकांना सांगितले. गर्भ तर न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नसतो. प्रत्येक आठवड्याबरोबर शस्त्रक्रियेतील धोका वाढतो. नववा आठवडा उलटण्यापूर्वी जे काम गोळ्यांनी होते त्यासाठी पुढे शस्त्रक्रिया लागते. मुंबईच्या मुलीसाठी एक जागरूक डॉक्टर उभा राहिला. तिरुनीलक्कुडीच्या मुलीसाठी कोण उच्च न्यायालयाची पायरी चढणार आहे?

नाव एकदा कागदावर आले की त्याचे पुढे काय होते, याचा एक धडा अमेरिकेच्या कॅन्सस राज्याने दिलेला आहे. तेथील महाधिवक्ता फिल क्लाइन यांनी बालकांवरील अत्याचारांच्या शोधाचे कारण पुढे करून २००४ साली दोन गर्भपात केंद्रांकडून ९० रुग्णांची कागदपत्रे मागविली. त्यांत अल्पवयीन मुलींप्रमाणे प्रौढ स्त्रियांचीही होती. २००६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तपास थांबविला नाही. मात्र ओळख पटविणारा मजकूर कागदांतून आधी काढून टाकण्याचे बंधन घातले. पुढे क्लाइन यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, आणि ही कागदपत्रे काही काळ त्यांच्या हाताखालील कर्मचाऱ्याच्या राहत्या घरात ठेवली गेली होती, असे त्या चौकशीत निष्पन्न झाले. २०१३ साली त्यांची वकिलीची सनद बेमुदत स्थगित झाली. त्या रुग्णांच्या दृष्टीने त्यात समाधान ते किती! ज्या कागदासाठी आपल्याकडे मोहोरबंद पाकिटाचा नियम आहे, तो कागद परक्या घरात पडून होता.

आता खरा शास्त्रीय प्रश्न असा की, नावावाचून तपास होऊ शकतो काय? बव्हंशी होऊ शकतो. गर्भाच्या पेशींतील निम्मे आनुवंशिक द्रव्य आईकडून व निम्मे बापाकडून आलेले असते. म्हणून गर्भपातानंतरच्या ऊतींचा नमुना नीट राखला तर पुढे कधीही आरोपीच्या रक्ताशी तो ताडून पाहता येतो. तो नीट राखणे मात्र अगत्याचे आहे. रोगनिदानासाठी ऊती फॉर्मेलिनमध्ये टाकण्याची जी नेहमीची पद्धत आहे ती येथे घातक ठरते, कारण त्या द्रवाने डीएनएचे धागे तुटतात व एकमेकांत गुंततात. नमुना क्षारद्रवात, बर्फात, मोहोरबंद करून पाठविला पाहिजे, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची अखंड नोंद राहिली पाहिजे. या साऱ्या क्रियेत नावाची गरज कोठेच पडत नाही. १९७१ च्या कायद्याने सांगितलेला अनुक्रमांक प्रयोगशाळेला पुरतो. नमुना आणि अनुक्रमांक पोलिसांपाशी, नाव रुग्णालयाच्या गुप्त नोंदवहीत. आणि ही दोन टोके जोडण्याचा अधिकार केवळ विशेष न्यायालयाला, तोही लेखी कारणे देऊन. ठाण्यावरील अंमलदाराला तो असू नये. खेड्यात ठाण्यातला शिपाई हा कोणाचा ना कोणाचा मामा किंवा मेहुणा असतो, आणि बातमी तक्रारीच्या आधी गावी पोहोचते.

या व्यवस्थेत एक भगदाड आहे व ते मला बुजविता आलेले नाही. ओळख न सांगण्याची विनंती मुलीबरोबर पालकाने करावयाची असते, आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमतीही लागते. पण अत्याचार करणारा घरातीलच असला तर? तेव्हा आडोसा मुलीला न मिळता त्यालाच मिळतो. म्हणून डॉक्टरने मुलीशी काही वेळ एकटीशी, आई वा काका बाहेर बसलेले असताना, बोलले पाहिजे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे सोपे नाही, हे मी जाणतो. वयाचा विचारही वेगळा केला पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत 'संमती' हा शब्द उच्चारणे मला अशक्य वाटते. तेथे बालकल्याण समितीला नाव कळलेच पाहिजे व पूर्ण तपास झालाच पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलीला त्याच मापाने मोजणे हा कायद्याचा आळस आहे. या दोहोंमध्ये पंधरा वर्षांची मुलगी उभी असते; तिच्याविषयी नियम करण्यापेक्षा तिचे म्हणणे ऐकून घेणारी एखादी शहाणी परिचारिका अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

पुण्यात १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा फसलेल्या विधवांना तेथे येऊन सुखरूप बाळंत होता येईल व त्यांचे नाव बाहेर फुटणार नाही, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी शहरात लावल्या. त्या काळी ह्या बायका विहीर जवळ करीत किंवा अर्भकाचा गळा दाबून फासाच्या वा काळ्या पाण्याच्या वाटेला लागत. तेथेच जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. या गृहाची पहिली अट गोपनीयतेची होती, आणि ती अट आधी भिंतीवर लिहिली होती. बाईला दारापर्यंत येण्यापूर्वीच ती वाचता येत असे.

आपल्या रुग्णालयांच्या भिंतींवर गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि ती असलीच पाहिजे. तिच्या शेजारी आणखी एक पाटी हवी आहे: अठरा वर्षांखालील मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टर पोलिसांना तिचे नाव सांगणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. मजकूर दोन ओळींचा आहे. कुंभकोणमला तो तामिळमध्ये लिहावा लागेल, राजुऱ्याला मराठीत व गोंडीत. शाळांच्या मुख्याध्यापकांनी तो आपल्या फलकावर लावण्यासही कायद्याची आडकाठी नाही.